हामारच्या अवशेषांतील काँक्रीट

नॉर्वेजियन वास्तुविशारद स्वेर्रे फेन यांनी नॉर्वेतील हामारच्या मध्ययुगीन बिशपगढीच्या अवशेषांत संग्रहालय उभारताना उघडे काँक्रीट वापरून जुन्या दगडी भिंतींवर अन्याय केला, असा आक्षेप घेतला जातो; तो मला पटत नाही. नवे आणि जुने तिथे एकजीव दिसत नाही हे निरीक्षण बरोबर आहे, पण तसे ते दिसू नये हाच फेन यांचा हेतू होता. भूतकाळाचा पाठलाग करून तो हाती लागत नाही, वर्तमान स्पष्टपणे मांडले तरच तो बोलू लागतो, अशी त्यांची धारणा होती.

या आक्षेपात लक्षात न घेतलेला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. पडझड झालेल्या भिंतींतील वेड्यावाकड्या भगदाडांना चौकटी बसवण्यासाठी फेन यांनी दगड तासून सरळ केले नाहीत; काचेचे मोठे तक्ते बाहेरच्या बाजूने भिंतीवर लावले, त्यामुळे प्रत्येक भगदाडाची तुटकी कडा आजही जशीच्या तशी दिसते. काँक्रीटचा उतरता मार्गही उत्खननाच्या वरून तरंगत गेल्यासारखा नेलेला आहे, म्हणजे पाहणाऱ्याचा पाय अवशेषांवर पडत नाही. ज्याला जुन्याची पर्वा नाही, तो इतकी काळजी घेणार नाही. व्हेनिसमधील नॉर्डिक देशांच्या प्रदर्शन दालनातही (१९६२) त्यांनी जागेवरची झाडे न तोडता छतातून वर जाऊ दिली होती. १९९७ मध्ये त्यांना वास्तुकलेतील मानाचा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला, तरी मला त्यांचे मोठेपण हामारच्या त्या काचांतच अधिक जाणवते.