बँड सरकत नाही? आधी एसडीएस बघा

पीएनगेज-एफ (प्रोटीनवरच्या साखरेच्या साखळ्या कापणारं एन्झाइम) घालूनही जेलवर प्रोटीनचा बँड हलका होऊन खाली येत नाही, म्हणून एन्झाइमच मेलंय असं धरू नका. प्रोटीन ०.५% एसडीएस (ते उलगडणारा डिटर्जंट) आणि डीटीटी (त्यातले गंधकाचे बंध तोडणारं रसायन) यांच्यासोबत १०० अंशांवर १० मिनिटं उकळलंत, ठीक. पण नंतर १% एनपी-४० (एसडीएसला आवरणारा सौम्य डिटर्जंट) घातलंत का? मोकळं एसडीएस या एन्झाइमला निकामी करतं. नळी गार झाल्यावर एन्झाइम, मग ३७ अंशांवर तासभर, तेही हीट ब्लॉकवरच. (मे महिन्यात नागपुरात ‘रूम टेम्परेचर’ या शब्दाला काही अर्थ नसतो!) शेजारच्या लेनमध्ये हेच एन्झाइम घातलेलं आरएनएज-बी (साखर असलेलं ओळखीचं प्रोटीन) चालवा, १७ वरून १४ किलोडाल्टनच्या आसपास उतरलं तर एन्झाइम चांगलं. ३६ जवळचा नवा बँड एन्झाइमचाच असतो, त्याला फसू नका. आणि प्रोटीन वनस्पतीचं असेल, तर साखळीच्या गाभ्यातल्या अल्फा-१,३ फ्यूकोज या साखरेपुढे पीएनगेज-एफ हात टेकतं. तिथे त्याच कामाचं दुसरं एन्झाइम, पीएनगेज-ए लागेल, आधी ट्रिप्सिनने प्रोटीनचे छोटे तुकडे (पेप्टाइड) करून.