ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना पाळीसाठी काय बांधून द्यावं: कापड, पॅड की कप?

गटाची_सचिव
आमच्या गावातल्या (बीड जिल्हा) टोळ्या दिवाळीच्या सुमाराला निघतील, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतणार नाहीत. बचत गटाच्या पैशातून 60 बायकांना पाळीचं सामान द्यायचं ठरलंय. निम्म्या जणी पॅड मागतात, वयस्कर बायका कापडच बरं म्हणतात, एकीने कपचं (आत घालून रक्त साठवायच्या मऊ वाटीचं) नाव काढलं. कोपीवर (तिथल्या झोपडीवर) पाणी विकत किंवा लांबून आणावं लागतं. संडास नाही, कामाला पहाटे चारला निघायचं. अशा ठिकाणी काय टिकेल? आणि दरवर्षी दोघी-तिघी "अंगावरून पांढरं जातं" म्हणून पिशवी (गर्भाशय) काढून येतात, त्याबद्दल निघण्याआधी काय सांगावं?

उपकेंद्र_सिस्टर
ताई, आधी पॅडचा हिशोब करून बघा. दिवसाला 4, पाच दिवसांचे 20, पाच महिने, 60 जणी: म्हणजे 6,000 पॅड. जनऔषधी केंद्रात एक रुपयाला एक मिळतो, त्यामुळे अडचण पैशाची कमी आणि फेकण्याची जास्त आहे. साध्या पॅडला खालून प्लॅस्टिकचा थर असतो आणि आत रक्त शोषून जेलीसारखी फुगणारी पावडर असते. ओला पॅड पाचटात टाकला तर धड जळत नाही, नुसता धुमसतो आणि धूर करतो. उघड्यावर टाकला तर कुत्री ओढून आणतात. म्हणून प्रत्येकीला 10-12 पॅड फक्त प्रवासासाठी आणि गाडी भरायच्या रात्रींसाठी द्या, बाकी भिस्त कापडावर ठेवा.

कापडात वाईट काही नाही. ओल वाईट. 12 पदरी शिवलेलं जाड कापड आतून वाळतच नाही, म्हणून शिवू नका. जुन्या सुती पातळाचे 50 सेंटिमीटरचे चौकोन फाडा. आधी मधोमध घडी, परत मधोमध, मग तीन पदरी: 25 बाय 8 सेंटिमीटरची 12 पदरी घडी होते. धुताना उलगडली की एकच पदर उरतो आणि उन्हात दोन-तीन तासांत कडक वाळतो. साडेपाच मीटरच्या पातळातून 22 चौकोन निघतात, विरलेला भाग सोडला तर 16 धरा, म्हणजे दोघींचं भागतं. प्रत्येकीला 8 हवेत: चार वापरात, चार दोरीवर. सिंथेटिक साडी अजिबात नको. ती शोषत नाही आणि मोळ्या वाहताना मांड्या सोलवटतात. रंग फिका घ्या. गडद कापडावर डाग दिसत नाही, त्यामुळे ते स्वच्छ निघालं की नाही हेही कळत नाही.

धुण्याची रीत नीट सांगा, कारण चूक इथेच होते. गरम पाणी आधी घातलं की रक्त कापडात घट्ट बसतं. आधी गार पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजत घालायचं, ते पाणी ओतायचं, मग कपड्याच्या साबणाच्या वडीने घासून दोनदा खळबळायचं. पावडर नको. थोड्या पाण्यात ती पुरती निघत नाही आणि राहिलेल्या पावडरीने खाज सुटते, मग बाई म्हणते कापड बाधलं. चार घड्यांना अर्धी ते पाऊण बादली पाणी लागतं. धुवायचं रात्री कामावरून आल्यावर, पण रात्रभर कोपीत कोंबून ठेवायचं नाही. पिळून, उलगडून आडोशाला टांगायचं आणि पहाटे निघताना उघड्या दोरीवर घालून जायचं.

दर चार ते सहा तासांनी बदलायचं. वापरलेल्यासाठी मेणकापडाची छोटी पिशवी, कोरड्यासाठी सुती पिशवी. दोन्हींचे रंग वेगळे ठेवा, अंधारात गल्लत होते. सोबत दोन सुती निकर, साबणाच्या दोन वड्या, चार चिमटे.

कप_शिकवते
कप सगळ्यांना वाटू नका, मागेल तिलाच द्या. पण जिला जमला तिच्यासाठी फडात (उसाच्या शेतात) त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पहाटे घातला की संध्याकाळीच काढायचा, कमाल 12 तास. मध्ये फडात बदलायची गरज सहसा पडत नाही आणि वाळत घालायचंही काही नसतं. बहुतेक कपांत 20 ते 30 मिली मावतं. नेहमीच्या पाळीत सगळ्या दिवसांचं मिळून साधारण 30-40 मिली रक्त जातं, हे सांगितलं की बायकांना आश्चर्य वाटतं.

पहिल्या पाळीला गळतोच. बहुतेक वेळा आत गेल्यावर घडी पूर्ण उघडलेली नसते. बुडाभोवती बोट फिरवायचं, दुमड लागली तर कप थोडा फिरवायचा. काढताना दांडी ओढायची नाही, बूड चिमटीत दाबून आतली हवा मोकळी करायची, मग काढायचा. कॉपर टी असेल तर हे फारच जपावं लागतं, नाहीतर कपाबरोबर ती सरकते. अशा बाईने आधी डॉक्टरांना विचारावं. ज्यांचं अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशय खाली सरकतं (वजन उचलणाऱ्या बायकांत हे बरंच आढळतं) त्यांना कप देऊ नका.

दर पाळीच्या आधी पाच ते दहा मिनिटं उकळायचा. पाणी भरपूर हवं, कप तळाला टेकला तर करपतो. स्वयंपाकाच्या भांड्यात उकळायला सासू नाही म्हणणार, म्हणून स्टीलचा एक छोटा डबा कपाबरोबरच द्या. त्या वादापायी कप न उकळता वापरला जाऊ नये. आणि शिकवणी आत्ताच सुरू करा. निघण्याआधी घरी दोन पाळ्या वापरून झालेल्या असाव्यात, फडात शिकणं होत नाही.

स्त्रीरोग_विभाग
शेवटच्या प्रश्नाबद्दल. पांढरं जाणं हे पिशवी काढण्याचं कारण नाही, हे वाक्य प्रत्येकीला तोंडपाठ होऊ द्या.

पाण्यासारखं किंवा चिकट, वास नसलेलं, खाज नसलेलं जाणं पाळीच्या मधल्या दिवसांत होतंच. दह्याच्या गुठळ्यांसारखं आणि खाज असेल तर बुरशी. करडं, माशासारख्या वासाचं किंवा पिवळट-हिरवं, फेसाळ असेल तर वेगळा संसर्ग. या सगळ्या संसर्गांवर गोळ्या आहेत. सरकारी दवाखान्यात यासाठी हिरव्या पाकिटाचं किट फुकट मिळतं. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर महिन्याभरात परत तेच. आत साबण किंवा डेटॉल घालून धुवायचं नाही, त्याने उलट वाढतं.

तपासणी लागणारी लक्षणं: तासाभरात कापड भिजून पुन्हा पुन्हा बदलावं लागणं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी, आठ दिवसांहून जास्त रक्तस्राव, संबंधानंतर रक्त, ओटीपोटात दुखून ताप. यातही आधी सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, गरज असेल तर पिशवीच्या तोंडाची तपासणी, मग औषधं. ऑपरेशन सर्वांत शेवटी. "नाही काढली तर कॅन्सर होईल" असं कुणी म्हणालं तर तपासणीचा कागद मागायचा. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर तिशीतच पाळी जाते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, अंगातून वाफा निघतात. खाडा (पाळीत कामाचा दिवस बुडणं) टाळण्यासाठी केलेलं ऑपरेशन पुढच्या हंगामात मोळी उचलणंच अवघड करू शकतं.

2019 मध्ये राज्य सरकारने बीडच्या या ऑपरेशनांची चौकशी समिती नेमली होती. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश दिला. त्यात जिल्हा पातळीवर देखरेख समिती आहे. शंका आली तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार करता येते.

निघण्याआधी सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. 12 च्या खाली असेल तर डॉक्टर सांगतील तशा लोहाच्या गोळ्या. चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत. शौच काळी होते, त्याला घाबरून गोळी सोडतात, ते आधीच सांगा. आणि लघवीला जागा नाही म्हणून पाणी कमी पिणं थांबायला हवं. त्याने लघवीचा संसर्ग होतो. शिवाय उन्हात, कमी पाण्यावर दुखण्याच्या गोळ्या रोज खाल्ल्या तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

गटाची_सचिव
सगळ्यांचे आभार. एकच अडलंय. दोरीवर उघडं घालायला बायका तयार नाहीत. सगळी टोळी बघते, म्हणतात. लुगड्याखाली वाळत घालतात.

उपकेंद्र_सिस्टर
लुगड्याखाली ते दमट राहतं, ऊन लागत नाही. न्हाणीच्या मागे तीन बाजूंनी बारदान आणि वरून मोकळं असा आडोसा करा, आत दोन दोऱ्या. दहा कोपींना एक पुरतो, चार बांबू आणि बारदानाची सहा पोती लागतात. हे सामान टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या यादीत उचलीच्या (आगाऊ पैशांच्या) बोलणीवेळीच लिहून घ्या, आणि त्या बैठकीला पुरुषांनाही बसवा. बोलताना "बायकांची अडचण" म्हणू नका, पाळी म्हणा आणि पोती किती ते सांगा. मागणी मोजता आली की नाकारायला अवघड जाते.