स्लीपमधून जागा होताना लॅपटॉप कोसळतो: दोष ड्रायव्हरचा की हार्डवेअरचा?

प्रश्न

माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. गेल्या काही आठवड्यांपासून झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप पुन्हा उघडला की पडदा बराच वेळ काळाच राहतो, पंखा मात्र फिरत असतो, आणि मग निळ्या पडद्यावर ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ असा मजकूर दाखवून यंत्र आपोआप रीस्टार्ट होते. काम चालू असताना असे एकदाही झालेले नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घडामोडींची नोंदवही) प्रत्येक वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते, त्यामुळे बॅटरीत किंवा मदरबोर्डच्या वीजपुरवठ्यात बिघाड असावा अशी शंका येते. दुरुस्ती करणाऱ्याने सगळे फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला दिला आहे. त्याआधी मूळ कारण शोधण्याचा काही मार्ग आहे का? लॅपटॉपवर कामाचे बरेच सॉफ्टवेअर आहे, ते सगळे पुन्हा बसवणे मला शक्य असेल तर टाळायचे आहे.

उत्तर १

फॉरमॅट करण्याची घाई कृपया करू नका. नव्या विंडोजवर तोच सदोष ड्रायव्हर (विंडोज आणि उपकरण यांना जोडणारा छोटा प्रोग्राम) पुन्हा बसला, तर त्रासही पुन्हा सुरू होईल आणि मधल्या काळात पुरावा मात्र पुसला जाईल.

‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदीचा अर्थ एवढाच, की संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. नावात ‘पॉवर’ असले तरी ती नोंद वीजपुरवठ्याला दोष देत नाही. तुमच्या प्रश्नातला महत्त्वाचा धागा पडद्यावरचा मजकूर आहे. त्याचा स्टॉप कोड, म्हणजे यंत्रणा का थांबली हे सांगणारा क्रमांक, ९एफ. स्लीपमध्ये जाताना किंवा जागे होताना विंडोज प्रत्येक ड्रायव्हरला आपले उपकरण नव्या ऊर्जास्थितीत नेण्याची विनंती पाठवते. एखाद्या ड्रायव्हरने ती विनंती ठरावीक मुदतीत पूर्ण केली नाही, तर विंडोज स्वतःच यंत्रणा थांबवते. पडदा आधी बराच वेळ काळा राहतो तो याच प्रतीक्षेमुळे.

आता त्या ड्रायव्हरचे नाव काढू. सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरच्या आत ‘मिनिडम्प’ नावाचे फोल्डर असते आणि यंत्रणा कोसळते तेव्हा तिथे त्या क्षणाची नोंद ठेवणारी एक छोटी फाइल तयार होते. ती डेस्कटॉपवर कॉपी करा, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून मोफत मिळणारा विनडीबीजी हा अशा फाइली तपासणारा प्रोग्राम उतरवून घ्या, त्यात ती फाइल उघडा आणि ‘ॲनलाइझ’चा तपशीलवार अहवाल मागवा. अहवालात कोडसोबत चार पॅरामीटर येतात. पहिला ३ असेल, तर चौथा पॅरामीटर म्हणजे अडकून पडलेल्या विनंतीचा पत्ता असतो, आणि ‘आयआरपी’ या आज्ञेला तो पत्ता दिला की ती विनंती कोणत्या ड्रायव्हरपाशी थांबली आहे हे समोर येते. एकाच फाइलवर विसंबू नका, जेवढ्या असतील तेवढ्या तपासा. सगळीकडे तेच नाव आले तर संशय ड्रायव्हरवर पक्का करता येतो. दर वेळी वेगळा कोड आणि वेगळे नाव येऊ लागले, तर मात्र रॅम किंवा अन्य हार्डवेअर तपासायला हवे. तुमचा कोड दर वेळी एकच आहे आणि प्रसंगही एकच आहे, म्हणून माझा कल ड्रायव्हरकडे आहे.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. अहवालात ‘एनटीओएसकर्नल’ हे नाव दिसले तर त्यालाच दोषी धरू नये. तो विंडोजचा गाभा आहे, आणि दुसऱ्या कोणी केलेली गडबड बहुतेकदा त्याच्याच हद्दीत उघडकीस येते. शिवाय ड्रायव्हर म्हणजे केवळ हार्डवेअरचा, असेही नाही. अँटिव्हायरस आणि व्हीपीएन यांचेही घटक कर्नलमध्ये, म्हणजे याच गाभ्यात, चालतात, आणि तिथली चूक एका प्रोग्रामपुरती मर्यादित राहत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले, तेही याच कारणाने.

काही जण अशा वेळी थेट ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ चालू करायला सांगतात. ते साधन उपयुक्त आहे, पण संशयित ड्रायव्हरवर मुद्दाम ताण देऊन चूक सापडताच यंत्रणा पाडणे हेच त्याचे काम आहे. त्यामुळे कधी कधी संगणक सुरू होतानाच पुन्हा पुन्हा कोसळत राहतो. मग सेफ मोडमध्ये जाऊन ‘व्हेरिफायर /रीसेट’ ही आज्ञा द्यावी लागते, आणि ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचे ड्राइव्ह कुलूपबंद करणारे संरक्षण) असेल तर तिथे पोहोचण्यासाठी रिकव्हरी की विचारली जाण्याची शक्यता असते. मिनिडम्पमधून नाव मिळत असेल तर या वाटेला जाऊच नका.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फोल्डरमधील सर्व फाइली तपासल्या. प्रत्येकीत पहिला पॅरामीटर ३ आहे आणि अडकलेली विनंती वाय-फाय अडॅप्टरच्या ड्रायव्हरपाशीच थांबलेली दिसते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ड्रायव्हरची तारीख पाहिली, तर त्रास सुरू होण्याच्या सुमारास विंडोज अपडेटने तो बदललेला आहे. मात्र ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण फिकट दिसते आणि दाबले जात नाही. आता काय करावे?

उत्तर १

बटण फिकट असणे म्हणजे आधीची आवृत्ती तुमच्या यंत्रावर जपलेली नाही. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपले नेमके मॉडेल निवडून तिथला वाय-फाय ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा, कारण जुना काढल्यावर इंटरनेट मिळणार नाही. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमधून अडॅप्टर अनइन्स्टॉल करा आणि ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकटीवर खूण करायला विसरू नका. ती खूण करायची राहून गेली तर रीस्टार्टनंतर विंडोज तोच ड्रायव्हर परत बसवते. मग उतरवलेली आवृत्ती बसवा आणि निदान काही दिवस विंडोज अपडेट पॉझ करून ठेवा. ड्रायव्हर आपोआप शोधून देणाऱ्या त्रयस्थ प्रोग्रामांपासून कटाक्षाने दूर राहा.

तरीही त्रास राहिलाच, तर अडॅप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून पाहा. सर्व लॅपटॉपवर हा टॅब दिसत नाही. कामासाठी व्हीपीएन वापरत असाल तर तो तात्पुरता काढूनही चाचणी घ्या, कारण त्याचा फिल्टर, म्हणजे मधून जाणारी माहिती हाताळणारा घटक, याच अडॅप्टरच्या वर बसलेला असतो. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर लॅपटॉप रात्रभर स्लीपमध्ये ठेवून सकाळी उघडा. मूळ कंपनीच्या ड्रायव्हरनेही कोड ९एफ येत राहिला, तर वाय-फाय कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करून तीच चाचणी घ्या. कार्ड बंद असताना त्रास थांबला, तर दुरुस्ती करणाऱ्याला फॉरमॅटऐवजी ते कार्ड तपासायला सांगा.