दसऱ्यानंतरची भटकंती: घारापुरी राहिलीच की!
दसऱ्यानंतर कुठे चालायला जावं या आपल्या चर्चेत येऊर झालं, कर्नाळा झाला, पण घारापुरीचं, म्हणजे एलिफंटा बेटाचं, नाव कुणीच कसं काढलं नाही? आपण नवी मुंबईकर हे बेट लांबून बघतो आणि लेण्यांपुरतंच ठेवतो. गर्दी लेण्यांपाशीच थांबते. तिथून पुढे झाडीतली वाट धरून तोफांच्या टेकडीवर चढा. वर गंजलेल्या अवाढव्य तोफा, खाली न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन! चढ किरकोळ आहे, पण ऑक्टोबर हीट घाम काढते, म्हणून गेटवेहून सकाळची पहिलीच लाँच पकडा. सोमवारी लेणी बंद. आणि बाटली हातात मिरवू नका, माकडं हिसकावून, झाकण काढून आरामात पितात. कोल्ड्रिंक असेल तर विचारूच नका.