घरात अहिराणी बोललं की पोरं मागे पडतात?

गिरणाकाठ: काल इथे एका शिक्षकांनी लिहिलं, "खान्देशातल्या पालकांनी घरात प्रमाण मराठीच बोलावी, नाहीतर मुलं शाळेत मागे पडतात." डोकं फिरलं वाचून. माझी आजी चाळीसगावच्या बाजारात अहिराणीत भाव करायची, पोस्टात मराठी बोलायची आणि कापडवाल्याशी हिंदी. सही करता येत नव्हती तिला. पोरगं मागे पडतं ते कशामुळे, सांगतो. पहिलीत ते उभं राहून म्हणतं, "माले समजनं नही." वर्ग हसतो, गुरुजीही हसतात. पुढे वर्षभर ते उठत नाही. अख्खं खापर मात्र आईच्या भाषेवर!

खडूफळा: ते शिक्षक मीच. मी कुणाला हसत नाही. पण चौथीतली मुलं निबंधात "मामा आला"ऐवजी "मामा उना" लिहितात, त्याचं काय करू? पुढे बोर्डाचा पेपर तपासणारा गुण कापणारच. तुमच्या आजीला पेपर लिहायचा नव्हता. आमच्या मुलांना भरतीच्या परीक्षा द्यायच्यात.

पांझरा: बहिणाबाई कोणत्या शाळेत गेल्या होत्या सर? अहिराणीतच रचलं ना सगळं?

रावेरकरीण: झालं परत सुरू! बहिणाबाई असोद्याच्या. त्यांची बोली लेवा गणबोली, अहिराणी नव्हे. तुम्ही "उना", "गया" म्हणता, आम्ही "आला", "गेला". जळगाव, भुसावळ, यावल, रावेर सगळं अहिराणीत कोंबायची ही सवय आता सोडा.

पांझरा: "माले, तुले" दोघींत आहेच की. धुळे-नंदुरबारच्या माणसाला त्या कविता समजावून सांगाव्या लागत नाहीत.

रावेरकरीण: समजतात म्हणून तुमच्या झाल्या? मला गुजरातीही समजते. माझ्या सासरी अमळनेरला पहिली दोन वर्षं माझ्या बोलण्याची नक्कल करायचे. तेव्हा कुणाला ती "आपली" वाटली नाही.

गिरणाकाठ: ताई, बहिणाबाई तुमच्या. मान्य, मिटवा ते. मूळ मुद्दा राहतोय.

सातपुडा: मिटवा कशाला? २०११ च्या जनगणनेत अहिराणी 'खान्देशी' नावाखाली मराठीपासून वेगळी मोजली आहे, त्या नावाखाली एकूण १८ लाखांहून जास्त लोक. इंग्रजांच्या काळात भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सननेही तिला आपल्या ग्रंथाच्या भिल्ली भाषांच्या खंडात घातलं. सर जिला अशुद्ध मराठी समजून सुधारायला निघालेत, ती मराठीच नाही असं म्हणणारेही आहेत.

पांझरा: भाऊ, उद्या आम्हाला मराठीतून हाकलणार का? मी घरी अहिराणी बोलतो आणि मराठीही माझीच आहे. कुणाच्या खंडाला विचारून ठरवत नाही मी.

खडूफळा: जनगणना राहू द्या. पहिली-दुसरीला मीही गणित अहिराणीतच समजावतो, नाहीतर हातचा कळतच नाही. वहीत मात्र मराठीच हवी.

गिरणाकाठ: मग हे काल का नाही लिहिलंत? वर्गात तुम्ही दोन्ही भाषा वापरायच्या आणि आईने घरात एक बंद करायची? जिची मराठी स्वतःलाच अवघड जाते, ती माय पोराशी मोडकंतोडकं, मोजून-मापून बोलणार. गोष्टी सांगणं बंद, रागावणंसुद्धा बंद. अशाने पोराला कुठलीच भाषा धड मिळत नाही.

खडूफळा: "बंद करा" असं लिहिलं नव्हतं मी.

गिरणाकाठ: "मराठीच" लिहिलंत, सर. पालक त्याचा अर्थ तोच घेतात. तेवढा "च" काढा, मग पुढचं बोलू.