बळदातल्या पेटीत मायन्यांची चोपडी

अंबाजोगाईहून: धान्याच्या बळदातल्या पेटीत शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली, चोपडी सापडली. कसर लागलीय, पहिली पानं गायब. वडिलांना ‘तीर्थरूप’, बरोबरीच्याला ‘रा. रा.’, विधवेला ‘गं. भा.’ असे नुसते पत्राच्या सुरुवातीचे मायनेच! एवढ्यासाठी छापील पुस्तक?

परभणीहून: लागायचंच की ओ. निजामाची टपाल तिकिटं १८६९ ला आली. कचेरीत फारसी, १८८४ पासून उर्दू, घरी मोडी. कुणाला काय लिहावं हे कुठं पाठ असणार? मायना चुकला की सोयरे रुसायचे.

लातूरहून: ‘गं. भा.’ आमच्याकडं लग्नपत्रिकेत अजून छापतात. चुलतीनं आपल्या नावापुढचं सगळ्या पत्रिकांवर पेनानं खोडलं. बरं केलं.

अंबाजोगाईहून: पुठ्ठ्याच्या आत मोडीत ज्वारीचा हिशेबही दिसतोय. ‘पायली’ तेवढं लागलं. वाचून देता का कुणी?