आडोसा घेऊनही युरोपावर टिकाव लागत नाही : 'ज्युपिटर हेल'साठी सल्ला हवा

प्रश्न
कृष्णाकाठ, कराड

सर्वांना नमस्कार. 'ज्युपिटर हेल' या खेळाविषयी अनुभवी खेळाडूंचा सल्ला हवा आहे. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. केऑसफोर्ज या पोलंडमधील मंडळींचा हा खेळ २०२१ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. गुरूच्या कॅलिस्टो, युरोपा आणि आयो या चंद्रांवरून एकट्याने वाट काढत शेवटी दान्ते या अखेरच्या ठिकाणी पोहोचायचे, असे त्याचे स्वरूप आहे. पडद्यावर पाहताना तो बंदुकांच्या धावपळीचा खेळ वाटतो, परंतु आपण पाऊल टाकले, गोळी झाडली किंवा बंदूक भरली तरच शत्रूचा वेळ पुढे सरकतो. आपण थांबलो की सारेच थांबते. नकाशे प्रत्येक डावात नव्याने तयार होतात आणि सैनिक मेला की डाव पुन्हा आरंभापासून मांडावा लागतो.

मी मरीन हा सैनिकाचा वर्ग घेऊन मीडियम या मधल्या काठिण्यावर खेळतो. कॅलिस्टो बहुतेक वेळा पार होतो, परंतु युरोपावर दोन-तीन मजले उतरेपर्यंत मेडकिट (जखमा भरण्याच्या औषधपेट्या) संपतात आणि त्यापुढे फार काळ निभाव लागत नाही. माझी पद्धत अशी आहे की खोलीत शिरताच जवळचे खोके गाठायचे, त्याच्या आड राहायचे आणि दिसेल त्या शत्रूवर ऑटो रायफल झाडायची. तरीही गोळ्या लागतातच, आणि पंज्यांनी हल्ला करणारे फीन्ड तर थेट अंगावर येतात.

दुसरा प्रश्न प्रगतीचा आहे. सैनिकाची पातळी वाढल्यावर मिळणारे ट्रेट, म्हणजे खास कौशल्ये, मी त्या क्षणी जे उपयोगी दिसेल त्याप्रमाणे निवडतो. त्यात काही आधी ठरवलेला क्रम असावा का? तसेच मुख्य मार्ग सोडून खाणी वगैरे उपशाखांमध्ये उतरणे फायद्याचे ठरते, की तिथे उगाच रक्त सांडते? कामावरून परतल्यावर रात्री तासाभराचा वेळ मिळतो, त्यामुळे डाव अर्धवट ठेवून दुसऱ्या दिवशी पुढे चालू करता येतो का, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

उत्तर
हळदपेठ, सांगली

कृष्णाकाठ, नमस्कार. मी हा खेळ त्याच्या अपूर्ण आवृत्तीपासून खेळत आले आहे आणि तो मला मनापासून आवडतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

या खेळातला आडोसा दिशेवर अवलंबून असतो. आपल्या लगतच्या चौकोनात खोके, खांब किंवा भिंतीचा कोपरा असेल आणि शत्रू त्याच्या पलीकडे असेल, तरच त्याची गोळी चुकण्याची शक्यता वाढते. तोच शत्रू चार पावले बाजूला सरकला की खोके जागच्या जागी असूनही आपण उघडे पडतो. म्हणून खोलीत शिरल्याबरोबर जवळच्या खोक्याकडे धावण्यापेक्षा शत्रू कुठे उभे आहेत आणि ते कोणत्या बाजूने वळसा घालू शकतील, हे आधी पाहावे. वेळ आपल्या हातात असल्यामुळे असा विचार करायला या खेळात भरपूर सवड मिळते, आणि ती सवड न वापरणे म्हणजे या खेळाने दिलेले सर्वांत मोठे हत्यार म्यानात ठेवणे होय.

आडोशाला असताना थांबण्याची आज्ञा देऊन एक पाळी काहीही न करता घालवलीत तर सैनिक खाली दबून बसतो आणि आडोशाचा लाभ वाढतो. जागा सोडली की तो लाभ जातो. लांबून गोळीबार करणारे दोघे-तिघे समोर असतील तर लढाईची सुरुवात अशी दबून करावी. शत्रूही आडोसा घेतात, हेही ध्यानात असू द्या. निशाणा धरल्यावर नेम लागण्याची टक्केवारी दिसते. ती फारच कमी असेल तर काडतुसे वाया घालवण्याऐवजी मागे सरकावे आणि त्याला आडोसा सोडून आपल्यामागे यायला लावावे.

मला वाटते, तुमची खरी अडचण इथेच आहे. तुम्ही शत्रूच्या खोलीत जाऊन लढता. त्याऐवजी शत्रू दिसताच, शक्य असेल तर एखादी गोळी झाडून, आलात त्याच दाराने मागे फिरा आणि दारासमोर उभे न राहता दाराच्या बाजूला भिंतीला लागून थांबा. आता त्यांना तुमच्यापर्यंत पोहोचण्यासाठी दारातून यावे लागते आणि ते दिसतात तेव्हा दोन-तीन चौकोनांवर असतात. आपल्याकडचे किल्ल्यांचे दरवाजे बुरुजांच्या कुशीत का ठेवले असतील, हे अजिंक्यताऱ्यावर जाऊन आलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. मोठ्या फौजेला अरुंद जागेतून थोडे थोडे यायला लावायचे, हे तत्त्व इथे जसेच्या तसे लागू पडते.

या पद्धतीला शॉटगनची जोड हवी. शॉटगनचा नेम चुकत नाही, मात्र अंतर वाढेल तसा तिचा मारा झपाट्याने क्षीण होतो. दारामागून लढताना अंतर नेहमीच कमी असते, त्यामुळे तिचा दोष झाकला जातो आणि गुण पुरेपूर उपयोगी पडतो. रायफल हवीच, परंतु ती लांबच्या कॉरिडॉरसाठी. प्रत्येक बंदुकीचे सोयीचे अंतर ठरलेले असते आणि त्याबाहेर गेलात की नेमाची टक्केवारी (शॉटगनच्या बाबतीत माऱ्याची ताकद) घसरते, म्हणून एक लांब पल्ल्याची आणि एक जवळची अशा दोन बंदुका हाताशी असाव्यात.

फीन्डांविषयी. त्यांच्यापुढे आडोसा निरुपयोगी आहे, कारण ते गोळी झाडत नाहीत, धावत येतात. त्यांच्यासाठी खोक्याआड दबून बसणे सोडा आणि लांब, सरळ वाट पाठीमागे राहील अशा ठिकाणी उभे राहा. ते येईपर्यंत रायफल, जवळ आले की शॉटगन.

हालचालीचाही फायदा असतो. चालत असताना गोळी चुकवण्याची शक्यता वाढते, एका जागी उभे राहिलात की ती उरत नाही. म्हणजे दोनच अवस्था सुरक्षित समजाव्यात : योग्य दिशेच्या आडोशाला स्थिर असणे, किंवा मोकळ्या जागेत सतत सरकत असणे. मोकळ्या जागेत उभे राहून बंदूक भरणे ही युरोपावर जीव जाण्याची सर्वांत हमखास रीत आहे. लढाई संपली की पुढचे दार उघडण्याआधी प्रत्येक बंदूक भरून घ्यावी, मग तिच्यातली एकच गोळी खर्च झालेली का असेना.

शेवटचा मुद्दा पिंपांचा. इंधनाचे पिंप फुटले की भोवतालचे सगळे होरपळतात. शत्रू त्याच्याजवळ असेल तर उत्तम. परंतु आडोसा निवडताना शेजारी पिंप नाही ना, हे दर वेळी पाहावे.

उत्तर
मेणवली, वाई

हळदपेठ ताईंनी लढाईचे सगळे सांगितले आहे, म्हणून मी फक्त सामानाविषयी लिहितो. पिशवीतले कप्पे मोजके असतात आणि काडतुसेही कप्पे अडवतात. चार प्रकारच्या बंदुका बाळगल्या तर चार प्रकारची काडतुसे बाळगावी लागतात आणि मेडकिटांना जागा उरत नाही. दोन प्रकारच्या काडतुसांवर डाव निभावावा. चांगली बंदूक सापडली म्हणून लगेच उचलू नये. तिची काडतुसे आपल्याकडे आहेत का, हे आधी पाहावे. ग्रेनेड मात्र साठवून ठेवू नयेत. धुराचा ग्रेनेड योग्य वेळी टाकला तर शत्रूची दृष्टी तुटते आणि माघार घेता येते, आणि वाचलेले रक्त म्हणजे वाचलेले मेडकिटच असते. यंत्रमानवांसाठी इएमपी (विद्युतचुंबकीय झटका देणारा) ग्रेनेड राखून ठेवावा, बाकीच्यांवर तो वाया जातो.

डाव अर्धवट ठेवता येतो. बाहेर पडताना खेळ स्थिती जतन करतो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू होतो. मेल्यानंतर मात्र जुन्या जतन केलेल्या स्थितीवर परतता येत नाही.

उत्तर
तंतुवाद्य, मिरज

प्रगतीच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून त्यावर लिहितो.

या खेळात एका डावातून दुसऱ्या डावात शक्ती नेता येत नाही. पदके आणि हुद्दे मिळतात, आव्हानांचे प्रकार उघडतात, परंतु सैनिक दर वेळी तसाच कोरा असतो. त्यामुळे प्रगती म्हणजे त्याच डावात मिळालेले ट्रेट, सापडलेली हत्यारे आणि त्यांच्यावर बसवलेले मॉड (हत्यार सुधारणारे जोड), एवढेच. यांपैकी हत्यारे आणि मॉड नशिबाच्या हाती आहेत, ट्रेट पूर्णपणे आपल्या हाती आहेत. म्हणूनच ते क्षणापुरते पाहून निवडू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक वर्गाला काही मास्टर ट्रेट असतात आणि एका डावात त्यांपैकी एकच घेता येतो. तो मिळवण्यासाठी आधी ठरावीक ट्रेट ठरावीक पायरीपर्यंत वाढवावे लागतात. पहिल्या काही पातळ्यांवर थोडे इकडे थोडे तिकडे असे गुण वाटले, तर मास्टर ट्रेट इतका उशिरा मिळतो की तोवर युरोपाचा निम्मा भाग मागे पडलेला असतो, किंवा डावच संपलेला असतो. तुमच्या वर्णनावरून मला दिसते ते हेच. तेव्हा डाव सुरू करतानाच ट्रेटच्या यादीत जाऊन, आपल्याला कोणता मास्टर ट्रेट हवा आहे आणि त्यासाठी कोणत्या पायऱ्या लागतात, हे कागदावर लिहून ठेवा. कॅलिस्टोच्या पहिल्या मजल्यांवर कोणती बंदूक सापडते ते पाहून त्या यादीतला मार्ग पक्का करा. पिस्तुलाची वाट धरली तर सन ऑफ अ गन हा ट्रेट आवश्यक आहे आणि ती वाट अर्ध्यावर बदलणे महागात पडते. शॉटगन किंवा रायफलचा मार्ग नवख्यासाठी सोपा, कारण त्यांची काडतुसे आरंभीच्या शत्रूंकडूनच मिळत राहतात.

कोणत्याही मार्गात बसणारे ट्रेट म्हणाल तर आयर्नमॅन आणि हेलरनर. पहिल्याने एकूण प्राणशक्ती वाढते, दुसऱ्याने चालण्याची गती आणि गोळी चुकवण्याची क्षमता. ताईंनी सांगितलेली माघारीची पद्धत वापरणार असाल तर हेलरनरची एखादी पायरी लवकर घ्या. माघार घेताना होणारी इजा तिने स्पष्टपणे कमी होते. मरीनची ॲड्रेनलिन ही शक्ती विसरू नका. ती प्राणशक्ती भरते आणि वेदनाही उतरवते. गोळ्या लागत गेल्या की वेदना साचते आणि आपलाच नेम बिघडतो, म्हणून ती मेडकिटाच्या आधी वापरावी.

उपशाखांमध्ये जरूर जावे. कॅलिस्टोवर खाणी, वल्हाला टर्मिनल, मिमिर हॅबिटॅट अशा शाखा असतात. तिथे उतरल्याने अनुभवाचे गुण मिळतात, शेवटी खास बक्षीस असते, आणि मुख्य म्हणजे युरोपावर पोहोचेपर्यंत आपली पातळी पुरेशी वाढलेली असते. सरळ खाली जाणारा खेळाडू वेळ वाचवतो आणि कमी पातळीचा सैनिक घेऊन अधिक कठीण शत्रूंसमोर उभा राहतो. माझ्या मते कॅलिस्टोवर एक शाखा पूर्ण करूनच युरोपाकडे जावे. दोन शाखा केल्या तर अधिक चांगले, परंतु मेडकिट दोनपेक्षा कमी उरले असतील तर दुसरी सोडून द्यावी.

वैद्यकीय आणि तांत्रिक स्टेशनांचाही क्रम ठरवा. स्टेशन दिसले म्हणून लगेच वापरू नये. आधी मजला साफ करावा, मग वैद्यकीय स्टेशनवर परत यावे, म्हणजे उरलेल्या लढायांतील जखमाही त्यातच भरून निघतात. मॉडही पहिल्या मिळेल त्या बंदुकीवर बसवू नयेत. जी बंदूक आयोपर्यंत चालेल असे वाटते तिच्यासाठी ते ठेवावेत. शॉटगनवर ॲक्युरसीचा मॉड बसवलेला मी पाहिला आहे. जिचा नेम चुकतच नाही तिला नेमाचा मॉड देऊन काय साधणार?

प्रतिसाद
कृष्णाकाठ, कराड

ताई, सर आणि वाईकर मित्रहो, आपण इतक्या आपुलकीने लिहिलेत याबद्दल आभारी आहे. दारामागची पद्धत काल रात्री वापरून पाहिली आणि कॅलिस्टोवर मेडकिटांची बचत लगेच जाणवली. मास्टर ट्रेटची यादीही लिहून काढली आहे. एक शंका उरते. युरोपावर काही मजले असे येतात की मोठे दालन असते, मागे फिरण्याजोगे दार लांब राहिलेले असते आणि दोन्ही बाजूंनी गोळीबार सुरू होतो. तिथे माघार घेऊ गेलो तर पाठीत गोळ्या लागतात आणि थांबलो तर एका बाजूने उघडा पडतो. अशा वेळी काय करावे?

उत्तर
हळदपेठ, सांगली

अशा वेळी दाराचा विचार सोडून द्या आणि कोपरा शोधा. दोन्ही बाजूंच्या शत्रूंपैकी एका गटाची दृष्टी पूर्ण तुटेल असा खांब किंवा भिंतीचा तुकडा जवळपास असतोच. गोळीबार निम्म्यावर आणणे हे पहिले काम, प्रत्युत्तर देणे दुसरे. तिथे पोहोचेपर्यंत एकदाही थांबू नका, कारण चालताना मिळणारा बचाव मधेच थांबलात की जातो. खांबाआड गेल्यावर लगेच गोळी झाडू नका. दृष्टी तुटलेला गट तुम्हाला शोधत पुढे येईल, आणि तो येईपर्यंतच्या अवधीत दुसऱ्या गटातला सर्वांत जवळचा शत्रू निपटवा. त्या गटातले कोणी मोठे हत्यार घेऊन असेल तर आधी तोच.

हे टाळण्याचा मार्गही आहे. मोठे दालन दिसले की मधून जाऊ नये, भिंतीच्या कडेने जावे. एक बाजू आपोआप बंद राहते आणि पहिला शत्रू दिसतो तेव्हा आपण आलेल्या दारापासून फार लांब गेलेले नसतो. दालनाच्या मधोमध काही चकाकताना दिसले तरी ते सर्वांत शेवटी उचलावे.